वाचक विचारतात : कथा लिहिणाऱ्याचा दिनक्रम आणि कथेचे मूळ

मागील अंकात संपादकांनी कथा-कादंबरीच्या लेखनाविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते आणि उत्तरे देण्याचे काम माझ्याकडे सोपवले होते. सांगली, मिरज, तासगाव, कऱ्हाड, विटा, आटपाडी अशा ठिकाणांहून आलेल्या पत्रांतील अनेक प्रश्न मिळतेजुळते असल्यामुळे ते एकत्र केले आहेत, आणि पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावे दिली आहेत. माझ्याविषयी एवढेच सांगणे पुरेसे आहे की सांगलीच्या हळद बाजारातील एका अडत दुकानात मी दीर्घकाळ हिशेब सांभाळले आणि माझ्या बहुतेक कथा ती नोकरी चालू असतानाच लिहिल्या.

प्रश्न (मिरज) : आपण रोज लिहिता का? लिहिण्याची वेळ ठरलेली असते, की सुचेल तेव्हा लिहिता?

रोज लिहायला बसते. बसल्यावर प्रत्येक दिवशी पान भरतेच असे नाही, परंतु बैठक मोडू द्यायची नाही हा नियम मी आजही पाळते. माझी वेळ पहाटेची आहे. घरातले कोणी उठलेले नसते, कोणाशी एक शब्दही बोलणे झालेले नसते, आणि त्यामुळे आदल्या दिवशी जे पात्र अर्ध्या वाटेवर सोडले होते त्याचा आवाज अजून कानात असतो. एकदा दूधवाला, वर्तमानपत्र, फोन आणि स्वयंपाक सुरू झाला की तो आवाज परत मिळवायला फार वेळ जातो. फोन मी त्या वेळेत दुसऱ्या खोलीत ठेवते.

फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत बाजारात हळदीची मोठी आवक असते. सौदे, तोलाई, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचे कागद, यांत रात्री उशीर होई आणि पहाटे नवीन काही लिहिण्याची ताकद उरत नसे. त्या महिन्यांत मी आधी लिहिलेले एखादे पान वाचून त्यातील एखादी ओळ दुरुस्त करत असे, आणि तेवढ्यावर उठत असे. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम वाटणार नाही. तरीही कथा मनात जिवंत राहते ती या छोट्या भेटींमुळेच, कारण मग दिवसभर पट्ट्या लिहिताना, बसमध्ये उभे असताना, भाजी निवडताना मन नकळत त्या कथेकडे वळत राहते. ज्याला आपण सुचणे म्हणतो ते बहुधा अशा वेळी घडते, आणि ते आधीच्या बैठकीचेच फळ असते असा माझा पक्का विश्वास आहे.

तासगावच्या एका द्राक्ष बागायतदारांनी याच प्रश्नाला जोडून विचारले आहे की छाटणीच्या दिवसांत नियम कसा पाळावा. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, त्यानंतरच्या फवारण्या आणि पुढे माल उतरवण्याचे दिवस, या काळात पहिला खर्डा लिहिण्याचा हट्ट धरू नये. त्या दिवसांत खिशात लहान वही ठेवून मजुरांच्या बोलण्यातील एखादे वाक्य, व्यापाऱ्याने दर पाडताना दिलेले कारण, बेदाण्याच्या शेडवरचा एखादा प्रसंग तेवढा टिपून ठेवावा, आणि बाग ज्या महिन्यांत उसंत देते ते महिने खर्ड्यासाठी राखावेत. ते महिने कोणते हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे.

प्रश्न (सांगली) : आपली पात्रे खरी माणसे असतात का? ओळखीच्या माणसाला आपण कथेत आलो असे वाटले तर काय करावे?

माझ्याकडे आलेल्या पत्रांत हा प्रश्न सर्वाधिक वेळा आला आहे, त्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देते.

पात्राची सुरुवात खऱ्या माणसापासून होते, परंतु अख्ख्या माणसापासून होत नाही. त्याच्या एखाद्या न उलगडलेल्या वागण्यापासून होते. आमच्या दुकानात हळद घालणारे एक वयस्क शेतकरी होते. पट्टी झाली की ते पैसे मोजून घेत, त्यातील काही नोटा वेगळ्या काढून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवत आणि उरलेले पैसे मुलाच्या हातात देत. मुलगा समोर नसला तर मला म्हणत, "बाई, पट्टीचा आकडा पोरानं विचारला तर कागद दावा, तोंडानं सांगू नका." ते व्यसनी नव्हते, कोणाचे देणेकरी असल्याचेही कधी ऐकिवात नव्हते. ते पैसे कोणासाठी होते हे मला कधीच कळले नाही, आणि विचारणे शोभलेही नसते.

यावर जी कथा झाली तिच्यात शेतकरी नाही. पतीच्या निधनानंतर पहिल्यांदाच स्वतः हळद घेऊन बाजारात आलेली एक स्त्री आहे, आणि पट्टी घेताना ती अडत्याला दोन वेगळ्या कागदांवर रकमा लिहून मागते. एवढा बदल करण्याचे कारण केवळ ओळख लपवणे हे नव्हते. तो शेतकरी जसाच्या तसा ठेवला असता, तर मला त्याच्या घरची परिस्थिती, त्याचे मुलाशी असलेले नाते, सगळे अंदाजाने भरावे लागले असते, आणि एका खऱ्या माणसावर माझे अंदाज लादणे हा त्याच्यावर अन्याय झाला असता. विधवेच्या बाबतीत कारण मी ठरवू शकत होते: ती रक्कम तिच्या माहेरच्या, दिरांच्या डोळ्यांवर आलेल्या भावासाठी होती. शेतकऱ्याकडून मी फक्त एक प्रश्न घेतला होता, की स्वतः कष्टाने मिळवलेला पैसा माणसाला स्वतःच्याच घरात का लपवावा लागतो.

म्हणून नव्याने लिहिणाऱ्यांना माझे सांगणे असे आहे की नाव आणि गाव बदलून भागत नाही. वय, व्यवसाय, नाते यांपैकी किमान दोन गोष्टी बदलाव्यात आणि मुख्य म्हणजे कृतीमागचे कारण स्वतः शोधावे. एवढे केल्यावर मूळ माणूस बहुधा स्वतःला ओळखत नाही. कोणी ओळखलेच आणि दुखावला, तर वाद न घालता त्याचे ऐकून घ्यावे. आणि एखाद्याच्या आजारपणाची, कर्जाची किंवा मुलीच्या मोडलेल्या लग्नाची गोष्ट आपल्याला विश्वासाने सांगितलेली असेल, तर ती कितीही उत्तम कथा होत असली तरी लिहू नये, असे माझे मत आहे. याबाबतीत अनेक लेखक माझ्याशी सहमत होणार नाहीत.

प्रश्न (हरिपूर) : आपल्या कादंबरीत आमच्या गावच्या पेवांचा उल्लेख आहे. अशी माहिती किती गोळा करता, आणि त्यातील किती वापरता?

पुष्कळ गोळा करते आणि फार थोडी वापरते. आपल्या गावातील पेवे ही जमिनीत खोल खणलेली हळदीची कोठारे होती. वर तोंड अरुंद, आत पोट मोठे, कडेने आणि तळाला वाळलेला पाला व वैरण, आणि तोंड बंद करून वर माती. हरिपूरची माती घट्ट असल्यामुळे आत ओल येत नसे आणि हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे, कारण आत कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरण्याचा धोका असे. 2005 च्या महापुरात यातील बहुतेक पेवांत पाणी शिरले आणि ती पद्धत जवळजवळ संपली. हे सर्व मी आपल्या गावातील वृद्ध हमालांकडून आणि जुन्या व्यापाऱ्यांकडून ऐकले, वहीत उतरवले, आणि कादंबरीत मात्र एवढेच आले की एक तरुण हमाल उघडलेल्या पेवाच्या काठावर बसून राहतो आणि मुकादमाने हाक मारूनही उतरत नाही. बाकीची माहिती वाया गेली असे मी मानत नाही. ती मला ठाऊक नसती तर तो मुलगा काठावर का थांबला हे मला लिहिता आले नसते.

कथेतील माहिती पात्राच्या गरजेतून यावी. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. हे आकडे निवेदकाने सांगितले तर तो अहवाल होतो. नदीकाठच्या गल्लीतील एखादी आजी रात्री मुलाला उठवून "पाणी बेचाळीसला गेलं, धान्याचे डबे माळ्यावर घे" असे म्हणते तेव्हा तोच आकडा कथेचा होतो, कारण सांगलीचा माणूस पावसाळ्यात याच आकड्यांत बोलतो आणि त्या आजीने बेचाळीस म्हणताना मागचे सगळे पूर मनात धरलेले असतात.

प्रश्न (विटा) : ग्रामीण कथेत संवाद बोलीत लिहावेत की प्रमाण भाषेत? आमच्याकडची बोली जशीच्या तशी लिहिली तर पुण्या-मुंबईचे वाचक अडखळतात.

संवाद बोलीतच लिहावेत, मात्र प्रत्येक शब्दाचे रूप मोडून लिहिण्याची गरज नसते. बोली ओळखू येते ती प्रामुख्याने क्रियापदाच्या रूपावरून, वाक्यातील शब्दांच्या क्रमावरून आणि संबोधनावरून. आपल्या एका जिल्ह्यातच किती फरक आहे पाहा: मिरजेकडचा माणूस "काय करायलाईस?" असे विचारतो, आणि आटपाडीकडचा "काय करतुयास?" असे म्हणतो. जतच्या पूर्व भागात कन्नडचा शेजार बोलण्यात जाणवतो. तीन गावची तीन पात्रे एकाच सरधोपट 'गावरान' भाषेत बोलू लागली, तर वाचक अडखळणार नाही हे खरे, पण त्या तिघांनाही गाव राहणार नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की एकच माणूस समोरच्याप्रमाणे भाषा बदलतो. अडत्याच्या पेढीवर "शेठ, काय दर धरला?" असे नीट विचारणारा शेतकरी बाहेर येऊन भावाला "काय धरलाय रं त्यानं?" असे म्हणतो. या दोन वाक्यांतील अंतरात त्याची प्रतिष्ठा, संकोच आणि संशय सगळे येते. बोली लिहिताना मी नेहमी स्वतःला विचारते की हे पात्र या क्षणी कोणासमोर उभे आहे.

निवेदन प्रमाण मराठीत ठेवून संवाद बोलीत लिहिण्याची वाट आपल्याच भागातील माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांनी फार समर्थपणे चालून दाखवली आहे. ते उत्तम रेखाचित्रेही काढत असत, आणि त्यांच्या गद्यात माणूस आधी डोळ्यांना दिसतो व नंतर बोलतो, यामागे त्या चित्रकाराच्या नजरेचा मोठा वाटा असावा असे मला वाटते. ज्यांना बोलीतील कथा लिहायची आहे त्यांनी त्यांचे साहित्य संवादांपुरते एकदा आणि निवेदनापुरते एकदा, असे दोनदा वाचावे.

प्रश्न (इस्लामपूर) : एक कथा आपण किती वेळा लिहिता? आणि कथा मध्येच अडली तर काय करता?

पहिला खर्डा मी मागे न वळता पूर्ण करते, मग तो काही महिने कपाटात ठेवते. दुसऱ्यांदा लिहिताना पहिला खर्डा समोर ठेवत नाही. कथा आठवून पुन्हा पहिल्यापासून लिहिते. जे प्रसंग आठवत नाहीत ते बहुधा कथेला नको असलेले असतात. दोन्ही खर्डे नंतर शेजारी ठेवून पाहिले की कोणत्या ओळी खऱ्या आहेत हे लक्षात येते. शेवटी संपूर्ण कथा मोठ्याने वाचते, आणि जिथे श्वास अडतो तिथे वाक्य दुरुस्त करते.

दुरुस्तीत सर्वाधिक जाते ते स्पष्टीकरण. माझ्या एका कथेच्या पहिल्या खर्ड्यात असे वाक्य होते: "पती आता कधीच परत येणार नाही या जाणिवेने सुमनचे मन व्याकूळ झाले." अंतिम रूपात ते असे झाले: "सुमनने त्या रात्रीही दाराला आतून कडी घातली नाही, नुसते लोटून घेतले." पती रोज उशिरा येत असे हे आधीच्या पानावर आलेले होते, त्यामुळे व्याकूळ हा शब्द लिहिण्याचे कारणच उरले नव्हते.

कथा अडते तेव्हा मी एकच गोष्ट तपासते, की कथानक पुढे जावे म्हणून मी एखाद्या पात्राला त्याच्या स्वभावाविरुद्ध काही करायला लावते आहे का. बहुतेक वेळा उत्तर होय असे येते, आणि मग दोन-तीन पाने मागे जाऊन त्या पात्राला स्वतःच्या वाटेने जाऊ द्यावे लागते, भले त्यामुळे मनात ठरवलेला शेवट सोडावा लागला तरी.

प्रश्न (कऱ्हाड) : आदरणीय ताई, मी एकत्र कुटुंबातील सून आहे. लिहिण्याची फार इच्छा आहे, परंतु स्वतंत्र जागा नाही, वेळ नाही, आणि घरात याला हौस समजले जाते. मी काय करावे?

आपले पत्र मी अनेकदा वाचले. जागा आणि वेळ या अडचणी खऱ्या आहेत. इच्छा असली की मार्ग निघतो असे सांगून मी आपली बोळवण करणार नाही.

विचार आणि लेखन या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात. पुढचा प्रसंग कोणाच्या नजरेतून सांगायचा, त्यात कोण काय लपवते आहे, पहिले वाक्य कोणते, हे सर्व हात कामात असताना ठरवता येते, आणि मग प्रत्यक्ष लिहिण्यास अर्धा तास मिळाला तरी तो विचार करण्यात जात नाही. वही मोठी घेऊ नये; घरखर्चाच्या वहीएवढी असावी, म्हणजे ती कुठेही उघडता येते. दुसरे असे की घरातील एका व्यक्तीला, मग ते पती असोत, नणंद असो किंवा सासूबाई, "मला आठवड्यातून तीन दिवस अमुक वेळ माझ्या कामासाठी हवी आहे" असे स्पष्ट सांगावे. काम हाच शब्द वापरावा. आपण स्वतः त्याला हौस म्हटले, तर घरातील इतरांकडून वेगळी अपेक्षा ठेवता येणार नाही. आणि पूर्ण झालेली पहिली कथा त्यांच्यापैकी कोणाला तरी वाचून दाखवावी, विशेषतः ज्यांचा विरोध आहे असे वाटते त्यांना. एकत्र कुटुंबातील स्वयंपाकघर, वाटणीची बोलणी, सणावारी येणाऱ्या मुली, या सगळ्याकडे जितक्या जवळून आपल्याला पाहता येते तितके एकट्या खोलीत बसलेल्या लेखकाला येत नाही. आपण लिहावे अशी माझी मनापासून इच्छा आहे, आणि पहिली कथा झाल्यावर मला ती वाचायला आवडेल.

प्रश्न (सातारा) : हाताने लिहिता की संगणकावर?

पहिला खर्डा हाताने, पाठकोऱ्या कागदांवर. अंतिम प्रत संगणकावर युनिकोडमध्ये. यात तत्त्वाचा काही भाग नाही, केवळ सवयीचा आहे. सांगलीत 1898 मध्ये जन्मलेले वि. स. खांडेकर दृष्टी अधू असल्यामुळे लेखनिकाला मजकूर सांगत असत, आणि अखेरच्या काळात दृष्टी पूर्ण गेल्यावरही त्यांचे लेखन थांबले नाही. ज्यांना टंकलेखन जमत नाही त्यांनी आज मोबाइलवर बोलून मजकूर उतरवावा आणि मग शुद्धलेखन तपासावे.

प्रश्न (पलूस) : मराठी कादंबरीची आवृत्ती हजारभर प्रतींची निघते, पैसे फारसे मिळत नाहीत. मग आपण कशासाठी लिहिता?

प्रश्न सरळ आहे आणि उत्तरही सरळच द्यायला हवे. हिशेबाच्या नोकरीत जमा आणि खर्चाची बेरीज जुळली नाही की मला झोप लागत नसे, मग फरक कितीही किरकोळ असो. माणसांच्या बाबतीतही माझे तसेच होते. आयुष्यभर भावाशी अबोला धरलेला माणूस त्याच भावाच्या मुलीच्या लग्नात पहाटेपासून पाणी भरताना दिसतो, आणि मला ते वागणे मनात कुठेच बसवता येत नाही. त्याला विचारावे तर तोही सांगू शकत नाही. कथा लिहिताना मी त्याच्या ठिकाणी उभी राहते, त्याचा राग आणि त्याची लाज दोन्ही काही काळ माझी होतात, आणि कथा संपेपर्यंत त्या माणसाविषयी निवाडा देण्याची माझी घाई गेलेली असते. हे समाधान मला दुसऱ्या कोणत्याही कामात मिळालेले नाही.

माझी प्रेरणा ही अशी खासगी आहे, पण सर्वांची तशी असावी असे नाही. वाटेगावातून कुटुंबासह मुंबईला पायी गेलेल्या अण्णा भाऊ साठे यांचे शालेय शिक्षण नसल्यासारखेच होते, आणि गिरणी कामगारांच्या वस्तीत राहून त्यांनी कष्टकऱ्यांच्या लढ्यासाठी लेखणी चालवली. एवढ्या मोठ्या हेतूची बरोबरी मी करू शकत नाही. परंतु त्यांच्या कथांतील माणसे आजही उभी आहेत ती केवळ हेतूमुळे नव्हे. प्रत्येक माणसाकडे त्यांनी निरखून पाहिले होते म्हणून, असे मला त्यांचे साहित्य वाचताना जाणवते.

पैशाविषयी एवढेच की लेखनावर घर चालेल असे गृहीत धरून नोकरी सोडू नये. मानधन मागण्यात मात्र संकोच करू नये.

प्रश्न (आटपाडी) : मी महाविद्यालयात शिकतो. माझी पहिली कथा पूर्ण झाली आहे. ती कोठे पाठवावी? ती कोणी स्वतःच्या नावावर छापेल अशी भीती वाटते.

आधी ती परक्या माणसांसमोर वाचावी. आपल्याच जिल्ह्यात औदुंबरला दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरते. अशा ठिकाणी जावे, इतरांच्या कथा ऐकाव्यात, ओळखी कराव्यात. कथेसाठी दिवाळी अंकांइतके मोठे दालन मराठीत दुसरे नाही. 1909 मध्ये 'मनोरंजन' मासिकाने सुरू केलेली ही परंपरा आजही नव्या लेखकांना जागा देते. ज्या अंकाला कथा पाठवायची त्याचे मागील दोन-तीन वर्षांचे अंक नगर वाचनालयात बसून वाचावेत, म्हणजे आपली कथा तिथे बसते की नाही हे समजते. दिवाळीच्या तोंडावर पाठवलेली कथा वाचली जाण्याची शक्यता कमी असते. जून-जुलैपर्यंत ती संपादकांच्या हाती पडलेली बरी.

चोरीची भीती बाळगून कथा घरात ठेवू नये. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनाचे हक्क ते लिहिल्यापासूनच लेखकाकडे असतात आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. आपली तारखेसह प्रत आणि पाठवल्याचा ईमेल जपून ठेवावा. एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना पाठवू नये. दिवाळीपर्यंत होकार-नकार काहीच आले नाही, तर आपण ती दुसरीकडे पाठवण्यास मोकळे आहात, मात्र पहिल्या संपादकांना तसे दोन ओळींत आधी कळवावे.